दोन माणसांचं पाणी

१९७३ सालची गोष्ट. धक्क्याच्या तोंडाशी माझ्या आत्याचं दुकान होतं. शिडाच्या बोटी घेऊन परदेशातून हौशी लोक यायचे, त्यांना लागेल ते आम्ही पुरवायचो — गोडं पाणी, डिझेल, दोरखंड, रंग, अंडी, पाव आणि फुकट सल्ला. सल्ला आत्याचा, ओझी वाहणं माझं. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हापासून मला आत्यानंच वाढवलं. मी चोवीस वर्षांची होते आणि आत्याच्या मते नको तितकी चोखंदळ होते.

बाहेरून आलेल्या बोटीनं पिवळं निशाण लावून बंदरात थांबायचं, असा तेव्हा नियम होता. बंदराचे डॉक्टर तपासून जात नाहीत तोवर बोटीवरच्या माणसानं जमिनीवर पाय ठेवायचा नाही, आणि आपणही बोटीवर चढायचं नाही. त्या दिवशी एक लहानशी निळी बोट असं निशाण लावून उभी होती, आणि डॉक्टर नेमके लेकीच्या बाळंतपणासाठी गावाला गेले होते.

"पाणी देऊन ये," आत्या म्हणाली. "आणि लांबूनच दे. रोगबीग असला तर काय घ्या!"

मी होडी वल्हवत गेले. पाऊस भुरभुरत होता. बोटीवर एकच माणूस — उन्हानं रापलेला, दाढी वाढलेला, शर्टाची बटणं भलत्याच काजांत. मला पाहून त्यानं ती घाईघाईनं सोडली, पुन्हा लावली... आणि पुन्हा चुकला.

"राहू द्या ते," मी म्हणाले. "दोर टाका."

"तुम्ही डॉक्टर?"

"तुमच्याकडे डॉक्टर पाण्याचे कॅन घेऊन फिरतात का?"

"अगंबाई!" तो म्हणाला.

मी वल्हं सोडून हसले. एवढा दाढीवाला माणूस आणि अगंबाई! आमची भाषा त्याला आईकडून आलेली. घरात दुसरं कुणी ती बोलणारं नव्हतं, त्यामुळे तो थेट एखाद्या मावशीसारखा बोलायचा. "इश्श" म्हणाला नाही एवढंच नशीब.

डॉक्टर लवकर परतेनात. मी रोज जायचे. होडी वाहून जाऊ नये म्हणून दोराचं एक टोक तो धरायचा, एक मी. पाणी वर चढवून झालं तरी दोर कुणीच सोडत नसे.

"उद्या काय आणू?"

"उद्या... तुम्हीच या."

"मी तर येतेच आहे. सामान काय आणू, ते विचारतेय."

"मग अंडी," तो म्हणाला आणि पाण्याकडे पाहत राहिला. अंडी त्याच्याकडे कालचीच शिल्लक होती. मला दिसत होती.

अखेर डॉक्टर आले, निशाण उतरलं, आणि पाहुणा — आत्यानं त्याला हेच नाव पाडलं — सरळ दुकानात येऊन टेबल घट्ट धरून उभा राहिला.

"जमीन हलतेय," तो म्हणाला.

"जमीन जागेवरच आहे. तुम्ही बसा," आत्या म्हणाली.

मग त्याच्या खरेदीला सुरुवात झाली. सकाळी एक स्क्रू. दुपारी दुसरा. संध्याकाळी येऊन विचारणार, यापेक्षा थोडा लांब आहे का?

"काय गं," आत्या मला म्हणाली, "हा बोट दुरुस्त करतोय की एकेक स्क्रू करून नवीनच बांधतोय?"

पण वारा कुणासाठी थांबत नाही. पलीकडच्या किनाऱ्याला नेणारा वारा थोडेच दिवस वाहायचा. तो चुकला की पुढच्या मोसमापर्यंत इथंच अडकून पडायचं. तो वारा सुरू व्हायची वेळ आली, तसा एके सकाळी पाहुणा आला आणि भराभर सामान सांगू लागला. मी ऐकत होते आणि मनात हिशेब चालला होता. लांबच्या सफरीला माणशी पाणी किती लागतं, ते मला झोपेतही सांगता आलं असतं. यानं दोन माणसांचं सांगितलं. तांदूळ दोघांचा. डाळही दोघांची.

"कोण येतंय बरोबर?" मी शक्य तेवढ्या कोरड्या आवाजात विचारलं.

"ते... अजून ठरायचंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुपारपर्यंत मी कॅन वाहिले, एकेक असा आदळत की धक्क्यावरचे लोक वळून पाहायला लागले. शेवटी राहवेना.

"कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जिचं पाणी मी सकाळपासून उपसतेय!"

त्यानं हातातला कॅन खाली ठेवला. कानापर्यंत लाल झाला.

"तूच की."

"मी?"

"मला वाटलं, आधी सगळी तयारी करावी... मग विचारावं. समुद्रावर निघताना तसंच करतात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर रोज दोनदा आंघोळ करीन."

मला हसू फुटलं, आणि त्याच्या मागोमाग रडू. कारण आत्याचे गुडघे गेलेले. कॅन सोडा, तिला शटरही वर ढकलता येत नव्हतं. "आत्याला टाकून मी येणार नाही," मी म्हणाले आणि घरी पळाले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच वारा सुटला. एकेक करून बोटी निघाल्या. मी खिडकी लावून बसले होते.

"अगं ए," आत्या बाहेरून ओरडली, "पाहुणा आलाय बघ!"

हातगाडीवर सगळे कॅन रचून तो दुकानासमोर उभा होता. "हे परत घ्या," तो म्हणाला. "मी जात नाहीये. वारा काय, पुढच्या मोसमात पुन्हा येईल."

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं, माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. "एकदा विकलेलं पाणी आम्ही परत घेत नाही. पण काय चाललंय ते मला कुणी सांगेल का?"

दोघांनी एकदमच सांगितलं.

"माझ्यासाठी थांबतेयस?" आत्या भडकली. "तू लंगोटात होतीस तेव्हा दुकान कोण चालवत होतं, तुझा काका? मला शटर उघडणारा गडी मिळेल. बटणं धड लावता न येणारा नवरा तुला दुसरा मिळायचा नाही."

आम्ही लग्न केलं. तो मोसम तर हुकलाच होता. पाहुण्यानं धक्क्यावर इंजिनं दुरुस्त करायला घेतली, आणि वारा पुन्हा सुटला तसे आम्ही निघालो. आत्यानं धक्क्यावरून हात हलवला. बंदर दिसेनासं झालं आणि... मला बोट लागली! सगळा जन्म धक्क्यावर गेलेला, तरी मला बोट लागते हे तोवर ठाऊक नव्हतं. धीराचे शब्द, लिंबू, ओला रुमाल, त्यानं सगळं करून पाहिलं. शेवटी बोट वळवून त्यानं मला किनाऱ्यानं पुढच्या बंदरात उतरवलं. मी बसनं घरी आले, तो मागोमाग बोटीनं.

नंतर कित्येक वर्षं आमची सहल अशीच व्हायची. तो बोटीनं निघायचा, मी बसनं. पुढच्या बंदराच्या धक्क्यावर डबा घेऊन बसायचं आणि क्षितिजावर निळा ठिपका शोधायचा, यासारखं सुख मी दुसरं पाहिलं नाही.

डॉक्टर निवृत्त झाले आणि आत्याशी पत्ते खेळायला रोज दुकानात येऊ लागले. दोघंही लबाडी करायचे. सासूबाई एकदा महिनाभरासाठी आल्या आणि आठ वर्षं राहिल्या. आत्या शेवटपर्यंत दुकानात बसली. गेली तीही खुर्चीतच, एका गिऱ्हाइकाला रंग कुठला घ्यावा ते सांगून झाल्यावर. निळी बोट आम्ही एका तरुण जोडप्याला दिली.

आता आम्ही दोघंही बसनंच जातो. खिडकीची जागा तो मला देत नाही.