निळ्या रेघेचं कापड

भाचीचा मूळ ड्रेस पोलिसांकडे जमा आहे, फाटलेला. तिचे वकील म्हणाले, "तस्साच एक शिवून द्या. कोर्टाला दाखवू, पोरगी किती अंगभर कपड्यात होती ते."

मूळचाही मीच शिवला होता. राखाडी कापड, त्यात बारीक निळी रेघ. बंद गळा, मनगटापर्यंत बाह्या, घोट्यापर्यंत उंची. उरलेल्या ताग्यातून पुन्हा तोच बेतला. पुढेमागे उंची वाढवायला खालच्या दुमडीत जादा कापड सोडलं आणि दुकानातल्या पुतळ्यावर चढवला.

औषधवाल्याची बायको पडद्यांचं माप घेऊन आली.

"हाच का तो?"

"असाच होता."

"चांगला आहे की. पण ताई, खरं सांगू? ज्याच्यावर केस केलीय ना, त्याच्याशी हसूनखिदळून बोलायची हो ती."

"तुम्ही नाही हसत गिऱ्हाइकांशी?"

"माझं वेगळं. आमचे हे असतात ना गल्ल्यावर."

ती गेली. ड्रेसची किनार घोट्याच्या बरीच वर होती. पुतळा कलला असेल म्हणून टेप लावली. कापडच कमी भरलं. कात्रीची खूण नाही, तुरपाई जशीच्या तशी. मी दुमड उसवून उंची पुरी केली. आटलं असेल कापड, म्हटलं. न धुता कापड आटत नाही, हे मला माहीत नव्हतं थोडंच!

मग दुकानाचा मालक आला. भाडं राहिलं बाजूला, पुतळ्यापुढे उभा.

"दुसऱ्या दिवशी कामावर गेली म्हणे. लिपस्टिक लावून. असं झालेली बाई अशी जाते होय?"

"मग कशी जाते? सांगा, तसं शिकवते तिला."

तो हसला. तो हसत असताना मी बघत होते. किनार वर सरकली. आवाज नाही, सुरकुती नाही. गुडघे उघडे पडले, बाह्या कोपरावर आल्या. ह्यांच्या जिभेला कात्रीपेक्षा धार.

पुढच्याच दिवशी औषधवाल्याची बायको गळा धरून आली. "ताई, हा शर्ट आवळतोय. जरा मोकळा करा."

पिवळ्या शर्टाच्या कॉलरवर राखाडी कापड उगवलं होतं. जोड नव्हता कुठे.

"धुताना रंग लागला असेल," ती म्हणाली.

"रेघांसकट?"

मी कापून दिलं. संध्याकाळी ती परत दारात. तेवढंच पुन्हा वाढलेलं. मालक भर उन्हात मफलर गुंडाळून हिंडत होता. मला बघून त्यानं तो आणखी वर ओढला.

सुनावणीच्या आदल्या दुपारी वकील आले. पुतळा बघून भडकलेच.

"हे काय शिवलंत? गुडघे दिसतायत!"

"मी घोट्यापर्यंतच शिवला होता."

"हे बघा, मी तुमच्याच बाजूचा आहे." त्यांनी खुर्ची ओढली. "पण प्रश्न मलाही पडतात. एकटी थांबलीच कशाला? ओरडली का नाही? मी म्हणतो, तक्रार मागे घ्या. तडजोड करू. पोरीची अब्रू तरी राहील."

आतल्या खोलीत भाची काजं करत बसली होती. तिची सुई थांबली. ती बाहेर आली.

पुतळा उघडा होता. मानेभोवती तेवढी बोटभर पट्टी.

वकिलांनी टायमध्ये बोट घातलं. पांढऱ्या कॉलरच्या आतून राखाडी कापड वर येत होतं.

हनुवटीपर्यंत.

खालच्या ओठापर्यंत.

"कापा," ते पुटपुटले. "अहो, कापा ना!"

कात्री माझ्या हातातच होती. मी भाचीकडे पाहिलं.

"राहू दे मावशी," ती म्हणाली. "उद्या मीच बोलेन."

मी कात्री खाली ठेवली.

कापड वरच्या ओठाला टेकलं. तिथं तुरपाई दिसू लागली. बारीक, एकसारखी.

टाका माझ्या हातचा होता.