मागच्या भिंतीपाशी चुरचुर

"गणित आहे ते, काळा पाव भाजणं नव्हे. गेल्या वेळेसारखीच अर्ध्यातून पळून येईल बघ तुझी बायको."

"हळू, आई. ऐकेल ती."

"वाफेत काय ऐकू येतंय!"

सौनाच्या, म्हणजे आमच्या वाफेच्या न्हाणीच्या, लाकडी भिंतीतून सगळं ऐकू येतं. मी आत घाम पुसत बसले होते. बाहेर ओसरीवर माझा नवरा याल्मारी आणि सासूबाई हिल्का. सासूबाई बोलत होत्या ते खरंच होतं. उद्याची परीक्षा ही माझी शेवटची संधी. नापास झाले की शिक्षिका होणं संपलं.

गेल्या वेळी मी पळाले होते ते लेम्पीमुळे, माझ्या मैत्रिणीमुळे. शाळेत आम्ही एका बाकावर वाढलो. भिंतीला टेकवलेल्या स्की, शेगडीवर वाळणाऱ्या लोकरी हातमोज्यांचा वास, आणि तास चालू असताना लेम्पीच्या खिशातली टॉफी. कागद हळूच चुरचुरायचा. दातांनी अर्धी तोडून ती मला द्यायची. परीक्षेआधीच्या हिवाळ्यात तळ्यावरचा बर्फ तिच्याखाली फुटला आणि ती बुडाली. मार्चमध्ये पेपर लिहिताना माझ्या मागच्या, तिच्या रिकाम्या खुर्चीवरून तीच चुरचुर आली...

परीक्षेत बसवतात आडनावाच्या अक्षरक्रमाने. लग्नाचा एवढा तरी उपयोग झाला: नव्या आडनावाने मी थेट दालनाच्या दुसऱ्या टोकाला, शेवटच्या खुर्चीवर. मागे फक्त व्यायामशाळेची शिड्या ठोकलेली भिंत.

दुसऱ्या दिवशी दारात पर्यवेक्षिका राउहाबाई प्रत्येकाचा खाऊ चाचपत होत्या. "कागद काढ, फडक्यात बांध. आत आवाज खपत नाही हं, पोरी."

दालन शांत झालं. राउहाबाई बूट काढून लोकरी मोज्यांवर फिरत होत्या. तिसरं गणित अर्ध्यावर आलं, आणि माझ्या मानेमागे कागद चुरचुरला.

कुणी मान वर केली नाही. जळक्या साखरेचा वास आला, आणि त्यात तळ्याच्या पाण्याचा गारवा. पाय दाराकडे वळले होते. पण भीतीपेक्षा तिची आठवणच जास्त दाटली.

"लेम्पी," मी मागे न बघता पुटपुटले, "आधी गणित... मग टॉफी."

चुरचुर थांबली. क्षणभराने भिंतीपाशी पेन्सिल कुरकुरू लागली. शाळेतल्यासारखीच, माझ्या एक ओळ मागे. मी थांबले की तीही थांबे. मी शेवटपर्यंत लिहिलं.

संध्याकाळी कॉफी ओतताना सासूबाईंनी विचारलं, "मग? कितव्या गणिताला उठलीस?"

याल्मारीने कपात तोंड घातलं.

"तिसऱ्यालाच उठणार होते, आई," मी म्हटलं. "पण माझ्या मागची अजून लिहीत होती. शेवटची घंटा झाली, मी पेपर देऊन निघाले, तरी ती लिहीतच होती."