आधीचं पुसावं लागेल

फर्गस त्या दुपारी फक्त डझनभर कालवं घ्यायला थांबला होता. ब्रूनी बेटावर पाऊस भुरभुरत होता. टपरीवर दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, आणि कालवं विकणारी बाई एका उघड्या यंत्राच्या पोटात सुरी खुपसून बसली होती.

"मरेल ते अशानं," तो म्हणाला.

"तुम्हाला कालवं हवीत की प्रवचन?" टेसानं मान वर न करता विचारलं.

"दोन्ही मिळतं का?"

तेव्हा कुठे तिनं पाहिलं... भिजलेली दाढी, आणि डोळ्यांत दडवलेलं हसू.

ते यंत्र खाडीत सोडलेल्या दांडीनं पाण्याचा खारेपणा मोजायचं. ओढ्याला पूर आला की पाणी गोडं होतं, ओढ्याची घाण कालवांत उतरते, विक्री बंद ठेवावी लागते. हल्ली मात्र पुरातही ते पाणी खारंच सांगायचं. कुणी आजारी पडलं तर, या धास्तीनं टेसाची झोप उडाली होती. तरी तिनं ते कुणाच्या हाती दिलं नव्हतं. ते तिच्या नवऱ्यानं, ब्रॅमनं बनवलेलं. दोन वर्षांपूर्वी त्याची होडी उलटली, यंत्राचा प्रोग्राम असलेला त्याचा लॅपटॉपही त्याच्यासोबत बुडाला. यंत्र तेवढं उरलं. रोज पहाटे जागं झालं की ते तिच्या फोनवर ब्रॅमनं लिहिलेलं एक वाक्य पाठवायचं – 'ऊठ टेसा, आळशी कुठली.'

फर्गस पलीकडच्या होबार्ट बंदरात, दक्षिणेच्या बर्फाच्या मुलखात जाणाऱ्या जहाजासाठी यंत्रं तयार करायचा. लवकरच त्या जहाजातून वर्षभरासाठी तोही निघणार होता. तरी दर शनिवारी तो फेरीबोटीनं बेटावर येऊ लागला.

ब्रॅमच्या यंत्राला त्यानं लगेच हात लावला नाही. आधी त्यानं तिला एका कोऱ्या सर्किट बोर्डावर शिकवलं. पडद्यावरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, की आपण लिहिलेला प्रोग्राम तारेतून चिपमध्ये उतरतो, चालू लागतो, आणि चिप काय म्हणते ते ओळीओळीनं दिसतं. तिनं पहिला दिवा लुकलुकवला तेव्हा ती खळखळून हसली, आणि आपण हसलो म्हणून गप्प झाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

शेवटच्या शनिवारी, दोघांनी मिळून लिहिलेला नवा प्रोग्राम तयार ठेवून, त्यानं तार ब्रॅमच्या यंत्राला जोडली. उत्तर आलं – चिपला कुलूप आहे. उघडायचं तर आतलं सगळं आधी पुसावं लागेल.

"सगळं?"

"सगळं. वाचून ठेवता येणार नाही. नवा बोर्ड लावू. हा ठेव कपाटात... जसाच्या तसा."

"कपाटात ठेवला तर मी रोज कपाट उघडेन, फर्गस." तिनं लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "तू कर."

त्यानं हात मागे घेतला. "माझ्या हातून नको."

"का?"

"का ते तुला ठाऊक आहे."

तिला ठाऊक होतं. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. मग तिनंच ती ओळ टाइप केली, आणि कळ दाबली. पुसत आहे... लिहीत आहे... चालू. आणि आकडे येऊ लागले, एकाखाली एक. पाणी गोडं होतं. टेसानं उठून टपरीचं फळकूट बंद केलं.

पहाटे फोन गप्प होता. ती उशीत तोंड खुपसून रडली. मग तशीच, सुजल्या डोळ्यांनी, गाडी काढून धक्क्यावर गेली. रात्र बेटावरच काढून फर्गस पहिल्या फेरीबोटीच्या रांगेत उभा होता.

"मी त्याच्यासाठी रडतेय," ती म्हणाली. "आणि तू निघालास म्हणूनही. दोन्ही एकदम... कसं ते विचारू नकोस."

तो काही विचारणार नव्हता. "थांब म्हण, थांबतो."

तिनं त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं. हात तिथेच राहिला.

"नाही म्हणणार. जायचं ठरवलेल्या माणसाला मी थांबवलं, तर रोज तुझ्या चेहऱ्यावर ते जहाज शोधत बसेन. परत ये, एवढंच म्हणेन. प्रेम आहे माझं तुझ्यावर, म्हणून म्हणेन."

त्यानं तिच्या कपाळावर ओठ टेकवले. रांग पुढे सरकली.

बोट दिसेनाशी होईतो ती उभी राहिली. पाणी ओसरत होतं, कालवांच्या टोपल्या उघड्या पडायला लागल्या होत्या. टेसानं गमबूट चढवले आणि ती चिखलात उतरली.