सुरमईतले कोष

मुंबईची मासळी बर्फाच्या पेट्यांतून कसारा घाट चढून नाशकात यायची. भद्रकालीच्या बाजारात भागीबाईच्या फळीवर ती मांडली गेली की सकाळी मी पिशवी घेऊन हजर. "साफ करू नका, आतड्यांसकट द्या," असं म्हणणारं गिऱ्हाईक तिला दुसरं कुठून मिळणार? अठ्ठ्याण्णव साली मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो आणि समुद्री माशांतल्या पट्टकृमींच्या अळ्या ओळखणं हा माझ्या पीएच.डी.चा विषय होता.

आमचं घर माळकरी. आईच्या आणि माझ्याही गळ्यात तुळशीची माळ. मासळी हाताळायला तिनं कशीबशी परवानगी दिली होती, पण बाहेरच्या नळावर अंघोळ केल्याशिवाय ती मला उंबरा ओलांडू देत नसे. मासळीची चव मला ठाऊक नव्हती आणि त्याची मला जरा घमेंडच होती.

या अळ्या तांदळाएवढ्या पांढऱ्या कोषात निजून असतात. मुशीनं, म्हणजे छोट्या शार्कनं, तो मासा गिळला की तिच्या पोटात कोष उघडतो. अळी आकडे असलेल्या चार सोंडा बाहेर काढते आणि आतड्याला चिकटते. माणसाला त्यांचा उपद्रव नाही. प्रयोगशाळेत कोष सुईनं फाडावा लागतो.

दिवाळीनंतरच्या एका दुपारी मी काचेची बशी तळहातावर घेतली आणि त्यातले सगळे कोष आपणहून उघडले. सोंडा बाहेर आल्या आणि खाली, माझ्या हाताकडं वळल्या. बशी टेबलावर ठेवताच त्या आत ओढल्या गेल्या. शेजारच्या टेबलावरच्या सविता मॅडमनी बशी हातात घेऊन पाहिली. काही नाही. कोमट पाण्यावर धरली, तरी नाही. मग त्यांनी ती परत माझ्या हातावर ठेवली.

"सर, चोरून मासळी खाता की काय?" त्या हसल्या. बशीत सोंडा पुन्हा बाहेर येताना पाहून त्यांचं हसू मावळलं. "तेही कच्ची?"

मी काही केलं नव्हतं, तरी माझे कान तापले. मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी बाजारात भागीबाई माझ्याकडं बघेना.

"माझं काही चुकलं का, भागीबाई?"

"नाय सर." ती सुरा पुसत राहिली. "फकस्त सांजच्याला येता तवा फळीच्या मागं बसत जा. लोकं बघत्यात."

संध्याकाळी मी बाजारात कधीच येत नसे.

"संध्याकाळी मी काय नेतो?"

"नेता कुठं? हितंच खाता." तिनं आवाज खाली आणला. "म्या कुनाला सांगत नाय. तुमी माळ खिशात ठेवता, तेवढं बरं हाय."

मी गळ्याला हात लावला. माळ होती. दोन मण्यांच्या मधे एक खवला अडकला होता.

शरमेनं मी पिशवी तिथंच टाकून निघालो.

घरी नळाशी बादली नव्हती. दार उघडं होतं.

स्वयंपाकघरात आई पाठमोरी उभी होती. तिच्या गळ्यात माळ नव्हती. पाटापुढं माझं ताट होतं आणि त्यात एक लहान सुरमई, अख्खी, न चिरलेली.

"बाजारात नको जाऊ आता," ती भिंतीकडं बघत म्हणाली. "घरात खा."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. ते लाळेनं भरलं होतं.

मी पाटावर बसलो. आईनं बाहेर जाताना दार लोटून घेतलं.

ताटात तिनं मीठ वाढलं नव्हतं. मला ते लागत नाही, हे तिला ठाऊक होतं.