वरची केबल

विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी वहिनी आहे, आणि वहिनी खोटं बोलत नाही. पाहुण्यांच्या तोंडावर 'तुम्ही फार वेळ बसलात' असं सांगणारी बाई ती. तिला गोष्ट रंगवून सांगता येतच नाही.

अमावस्या नव्हती. पडका बंगला नव्हता. रविवारची भर दुपार होती आणि चौथ्या मजल्यावरचं एक साधं ऑफिस.

वहिनी तिथं नेटवर्क सांभाळायची. नवे कॉम्प्युटर आले, पण काम मुंगीच्या पावलानं चालायचं. वहिनीचं म्हणणं, छतातली केबल जुनी झालीय. जुनी कॅट-फाइव्ह काढा, जास्त वेगाची कॅट-सिक्स टाका. साहेबांचं म्हणणं, केबल ती केबल, तिला काय जुनी आणि काय नवी? मीटिंगमध्ये ते सगळ्यांसमोर म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

वहिनीच्या डोक्यात तिडीक गेली. प्रत्येक लाइन तपासायची आणि सोमवारी रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर आपटायचा, असं तिनं ठरवलं.

मदतीला ऑफिसचा वायरमन होता. पन्नाशीचा, तुसडा माणूस. त्याचं एकच पालुपद.

"मॅडम, खालचं काय हवं ते बदला. वरच्या केबलला हात लावू नका."

"का?"

"चाललंय ना? मग चालू द्या."

दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. त्या रविवारीही लिफ्टमध्येच खटका उडाला. वहिनीनं टेस्टरचा छोटा भाग त्याच्या हातात कोंबला. "तुम्ही हॉलमध्ये जा. मी ओरडेन तसं एकेका सॉकेटला लावत चला."

हा टेस्टर दोन भागांचा असतो. मोठा भाग केबलच्या एका टोकाला, छोटा दुसऱ्या टोकाला. दोन्ही जोडले तरच दिवे पेटतात. एकच जोडला, तर काही होत नाही.

वहिनी सर्व्हर रूममध्ये बसली. मधे पार्टिशन होतं, हॉल दिसत नव्हता.

"पहिला!"

पलीकडून आवाज आला. "हं."

दिवे सरसर पेटले. हिरवे.

"पुढचा!"

"हं."

हिरवे.

सगळ्या लाइन चांगल्या निघायला लागल्या, तशी वहिनी चिडत गेली. साहेबच खरे ठरणार की काय? त्यात पलीकडून नुसतं 'हं'. तेही दर वेळी जरा जास्तच घोगरं.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? कुठल्या टेबलाचं सॉकेट आहे ते तरी सांगा!"

पलीकडून अगदी सावकाश...

"वर हात लावू नकोस."

तिला भीती वाटली नाही. संताप आला. हा माणूस मला 'तू' म्हणतो? टेस्टर तसाच ठेवून ती तरातरा हॉलमध्ये गेली.

हॉल रिकामा होता.

खुर्च्या टेबलांत सरकवलेल्या. खिडक्यांतून ऊन आलेलं. फक्त मधल्या टेबलाच्या बरोब्बर वर फॉल्स सीलिंगची एक टाइल बाजूला सरकलेली होती. वर काळोखाचा चौकोन.

तेवढ्यात लिफ्ट वाजली. खांद्यावर शिडी घेऊन वायरमन बाहेर आला.

"कुठं होतात तुम्ही?"

"खाली. शिडीच्या खोलीची किल्ली सापडत नव्हती. सुरू नाही ना केलंत?"

"मग सॉकेटला कोण लावत होतं?"

त्यानं खिशात हात घातला. छोटा भाग बाहेर काढला.

वहिनी सांगते, त्या क्षणी मानेवर कुणीतरी थंड श्वास सोडल्यासारखं झालं. पण तिचं डोकं इंजिनिअरचं. काहीतरी शॉर्ट झालं असेल, असं तिनं स्वतःला बजावलं. केबल ओढून बघितल्याशिवाय कळणार नाही.

"शिडी लावा."

"मॅडम, माझं ऐका..."

"लावा म्हटलं ना!"

त्यानं शिडी लावली आणि घट्ट धरून उभा राहिला. वहिनी चढली. उघड्या चौकोनात हात घालून तिनं एक केबल पकडली, ओढली. आली. अजून ओढली. आली.

मग अडली.

तिनं जोर लावला...

आणि पलीकडून कुणीतरी ओढलं.

हिसका नव्हता. रस्सीखेचीत ओढतात तशी ओढ होती, दम धरून, सगळा भार टाकून. केबल तिच्या मुठीतून सरकली, तळहाताची सालं काढत गेली. ती ओरडली. वायरमननं तिला कमरेला धरून खाली खेचलं.

पण ते थांबलं नाही.

छतात खसखस सुरू झाली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

मग भिंतीवरचं एक सॉकेट... टक.

उखडलं आणि भिंतीत खेचलं गेलं.

टक.

टक. टक.

टेबलांवरचे फोन वायरींसकट घसरत भिंतीवर आदळायला लागले. एक कॉम्प्युटर आडवा झाला. वरून सगळं कुणीतरी गोळा करत होतं. रागानं, दात ओठ खाऊन.

दोघं जिन्यानं पळाली. खाली रस्त्यावर रहदारी होती, माणसं होती. तिथं फुटपाथवर बसून वहिनीनं विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"माझ्या आधीचा वायरमन नोकरी सोडताना एवढंच म्हणाला होता, वरच्याला डिवचू नकोस." त्यानं रुमालानं तोंड पुसलं. "मला वाटलं, साहेबांबद्दल बोलतोय."

वहिनीला हसू आलं. मग रडू.

सोमवारी साहेब कडाडले. "नवी केबल हवी म्हणून तोडफोड केलीत? शरम नाही वाटत?"

वहिनीनं पट्टी बांधलेला हात पाठीमागे नेला. खरं सांगून काय होणार होतं? "सर, आता तर टाकावीच लागेल. नवी केबल टाका, पण भिंतीवरून, प्लास्टिकच्या पट्टीतून. छत उघडायचं नाही."

"दिसायला किती घाण दिसेल! छतातूनच जाईल."

तेव्हा दारात उभा असलेला तो तुसडा माणूस पुढे आला. "मॅडम म्हणतात तसंच होईल, साहेब. नाहीतर दुसरा वायरमन बघा."

शेवटी साहेबांनी हात टेकले. काम भिंतीवरून झालं. नेटवर्क सुसाट चाललं. वहिनीचं खरं ठरलं, पण ती त्या हॉलमध्ये एकटी कधी बसली नाही. पुढं दुसरी नोकरी मिळाली, तशी तिनं ते ऑफिस सोडलं. वायरमनही सोडून गेला.

ही गोष्ट इथं संपली असती, तर मी लिहिली नसती.

गेल्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. मी वहिनीच्या शेजारीच बसले होते. स्पीकर चालू होता.

"मॅडम, ऑफिसचं रंगकाम काढलंय. छत उघडलं." आवाज एकदम खालच्या पट्टीत. "वर केबल नाहीत. एकसुद्धा नाही. तुकडाही नाही. बाहेर जायला कुठं भोकसुद्धा नाही. तुम्ही काढून घेतल्या होत्या का?"

"नाही," वहिनी म्हणाली. "छत बंद करून घ्या, सर. आजच."

"करतोय. पण वर चढलेला कामगार उतरला तो पांढराफटक पडून. म्हणतो, आत अंधारात कुणीतरी त्याला विचारलं..."

"काय विचारलं?"

साहेबांनी आधी केबिनचं दार लावून घेतलेलं ऐकू आलं.

"ती बाई आता कुठं असते."

वहिनीनं फोन ठेवला.

त्या कामगारानं काय उत्तर दिलं, हे विचारायची तिची हिंमत झाली नाही. माझीही झाली नाही.