वाटाडीचा हात

मुलांच्या कादंबरीसाठी चित्रं काढायची होती. काम नेहमीचंच. प्रकाशकाकडून मजकूर घेऊन आले, टेबल खिडकीशी ओढलं आणि बसले. गोष्टीत वाट दाखवणारी एक वाटाडी होती, डोक्यावरून घोंगडी ओढलेली. रानात चुकलेल्या मुलीला ती एकेक करून तीन भेटी देते: पितळी बटण, शिट्टी आणि कंदील. तिसरी भेट घेतली की मुलगी तिच्याबरोबर जाते, ती कायमची. लेखकाला हा शेवट गोड वाटत होता. मला तो पहिल्यापासून खटकला, पण माझा स्वभावच संशयी. दूधवाला हसला तरी मी आधी दुधाकडे बघते.

मनाने चित्र काढणं मला जमत नाही, समोर काहीतरी लागतं. गोष्टीतल्या मुलीसाठी माझी लेक बसली. वाटाडीचा चेहरा अंधारातच ठेवायचा होता, दिसणार होता फक्त हात. तो मी माझा डावा हात समोर धरून काढला. अंगठ्यावरचा कटरचा व्रणही तसाच उतरला. नंतर पुसू म्हटलं आणि राहून गेलं.

बटणाचं चित्र पाठवलं, त्याच दिवशी लेकीच्या दप्तरात पितळी बटण सापडलं.

"कुणी दिलं?"

तिने नुसते खांदे उडवले. मी दिराला धरलं. पुतणीचे लाड करण्यात त्याचा हात कुणी धरत नाही.

"वहिनी, मी चॉकलेटं आणतो. बटण कशाला आणू?" तो हसला. माझा संशय काही गेला नाही.

मग शिट्टीचं चित्र गेलं. संध्याकाळी जिन्यातून शिट्टी ऐकू आली. लेक ती वाजवतच वर आली. मी हिसकावून घेतली. बर्फासारखी गार होती आणि तिला ओल्या पाचोळ्याचा वास येत होता.

"अनोळखी माणसाकडून काही घ्यायचं नाही, किती वेळा सांगितलं तुला!"

तिचे डोळे भरले. "पण... तूच दिलीस ना?"

"मी?"

"जिन्याच्या वळणावर... तोंड दिसत नव्हतं. पण अंगठा तुझाच होता."

त्या रात्री मी तिला कुशीतून सोडलं नाही.

राहिला होता कंदील. मी तो काढलाच नाही. द्यायला काही नसेल तर लेक घेणार काय? वाटाडीचा तळहात रिकामा ठेवला आणि चित्र देऊन टाकलं. प्रकाशक फोनवर कुरकुरले, मी ऐकून घेतलं. खरं सांगते, स्वतःच्या हुशारीवर खूश होते मी.

शाळा सुटायच्या वेळी जिन्यातले सगळे दिवे लावून दारात उभी राहिले. लेक गुणगुणत वर आली. मागे कुणी नव्हतं.

"आज कुणी काही दिलं?"

"नाही. हात रिकामाच होता."

माझा जीव भांड्यात पडला. "मग?"

"मग मी धरला. रस्ता ओलांडताना धरते ना, तसा."

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. तिचा एक हात खांद्याइतका वर होता, बोटं कशाभोवती तरी घट्ट मिटलेली.

"सोड..." मी पुढे झाले. "बाळा, सोड तो हात..."

ती गोंधळली. मान वर करून तिने विचारलं, "आई, सोडू का?"

ती माझ्याकडे बघत नव्हती.