खालच्या माणसाची बदली

दुपारचा चहा घेऊन धारवाले पुन्हा डोंगर चढले ते एकच ओंडका खाली सोडायला. लाकूडगिरणी चालू असताना ते करवतींना धार लावत. गिरणी बंद पडली, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. डोंगरमाथ्यापासून गिरणीपर्यंत फळ्यांची लांब पन्हळ उतरत होती. तिच्यातून आधी कवेत न मावणारे देवदार गेले, मग मध्यम, मग मनगटाएवढे. डोंगर बोडका झाला आणि गिरणीला टाळं लागलं. उद्या रस्तेवाले पन्हळ तोडणार होते. "चालते असं दाखवा, मग बघू," एवढंच म्हणाले होते.

म्हणून खाली मेहुण्याला उभं केलं होतं. पद्धत जुनीच. वरच्याने कुऱ्हाडीच्या पाठीने पन्हळीच्या काठावर तीन ठोके द्यायचे. खालच्याने बाजूला होऊन तीन परत द्यायचे. मगच ओंडका अडवणारी पाचर काढायची. खालच्याने एकच ठोका दिला, तर त्याला बदली हवी असे; आणि बदली आल्याशिवाय त्याने जागा सोडायची नाही. एकदा वरच्याला दम निघाला नाही. उत्तर येण्याआधीच त्याने पाचर उडवली, आणि खालचा माणूस जागीच चिरडला. त्याच्या जागी उभं राहायला नंतर कोणी तयारच झालं नाही.

धारवाल्यांनी ठोके दिले. उत्तर नाही. सकाळपासून हीच रड. आधी दोर तुटला, मग ओंडका आडवा झाला, आणि आता मेहुणा गुल. पुन्हा ठोके. पुन्हा शांतता. धुकं पन्हळीवरून वर सरकत होतं.

"अरे मुडद्या, हात मोडले का तुझे?" ते ओरडले.

तेव्हा कुठे खालून तीन ठोके आले. संथ, जड.

"आली एकदाची जाग!" त्यांनी पाचर उडवली. ओंडका घरघरत धुक्यात शिरला.

"भावोजी..."

मागे मेहुणा उभा होता, धापा टाकत.

"तू इथे? मग ठोके कोणी दिले?"

"तुम्हीच खाली ठेवलेल्या म्हाताऱ्याने. पन्हळीपाशी बसला होता. म्हणाला, बदलीला आलास का? म्हटलं, बाबा, मी बहिणीच्या नवऱ्याचा फुकटचा गडी, त्यांना विचारून येतो. तर खांद्यावर हात ठेवून म्हणतो, लवकर ये... किती वाट बघायची माणसाने..."

धारवाल्यांनी खाली दुसऱ्या कोणालाच ठेवलं नव्हतं. ओंडका खाली आदळला की सगळा उतार हादरे. दोघं कान देऊन उभे राहिले. घरघर बारीक होत गेली आणि थांबली. कोणी दोन्ही हातांनी अलगद झेलावं तशी.

मग खालून एक ठोका आला.

तसा मेहुणा उताराकडे वळला. धारवाल्यांनी झडप घालून त्याचा खांदा धरला. हाताला ओलसर लागलं. भुसा. नुकत्याच कापलेल्या देवदाराचा, गोडसर वासाचा.

"चल घरी. उद्या तोडू देत ती पन्हळ."

"सोडा, भावोजी," मेहुणा हळूच म्हणाला. "त्यांची पाळी कधीच संपलीय..."

पुन्हा एक ठोका पडला. या वेळी पन्हळीच्या वरच्या टोकाला, धारवाल्यांच्या पायाशी.